एकदाच मारलेली हाक

दिव्यावर तपकिरीसारखी दिसणारी तांबूस भुकटी टाकलेली आहे. खोलीत धूर भरतो आहे आणि खुर्चीत बसलेल्या शेरलॉक होम्सचे डोळे हळूहळू फिरायला लागतात. आफ्रिकेतल्या एका विषारी मुळीचा हा प्रयोग त्याने स्वतःवर चालवलेला आहे, आणि वॉटसनलाही त्यात ओढलं आहे. वॉटसन कसाबसा भानावर येतो, त्याला फरफटत बाहेर मोकळ्या हवेत आणतो. शुद्ध आणि बेशुद्धीच्या सीमेवर होम्सच्या तोंडून एकच शब्द फुटतो. 'जॉन!' ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या होम्स मालिकेतला १९८८ चा हा भाग, 'द डेव्हिल्स फूट'. तो पहिल्यांदा पाहताना ही हाक कानावरून निघूनही जाते. दुसऱ्यांदा मात्र ती अडते, आणि एकदा अडली की सुटत नाही.

कारण होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याने लिहिलेल्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या चाळून काढल्या तरी होम्सने मित्राला नावाने हाक मारलेली सापडत नाही. कायम वॉटसन. फार प्रेम आलं तर 'माझ्या प्रिय वॉटसन'. (वॉटसनच्या बायकोने एका कथेत त्याला चक्क 'जेम्स' म्हटलं आहे, पण तो डॉयलचा विसराळूपणा.) आपल्याकडेही दोस्ताला आडनावाने पुकारतात, 'काय रे देशपांड्या' म्हणतात. पण त्या आडनावाला शेवटी जोडलेल्या 'या'मध्ये पाठीवरची थाप असते. व्हिक्टोरियन इंग्रजाच्या आडनावात हात पाठीमागे बांधलेले असतात. त्या माणसाने 'जॉन' म्हणणं म्हणजे आपल्याकडे आयुष्यभर 'अहो जोशी' म्हणणाऱ्याने एकदम 'अरे अण्णा' करून गळा काढावा, तसं. मूळ कथेत ही हाक नाही. ती मालिकेत होम्स झालेल्या जेरेमी ब्रेट या नटाने घातली. आणि खटकतं ते नेमकं हेच, की ब्रेटने घातली.

डॉयलच्या मजकुराची एवढी राखण दुसऱ्या कुठल्या नटाने क्वचितच केली असेल. १९८२ मध्ये ग्रॅनाडाने त्याला विचारलं तेव्हाच निर्माता मायकेल कॉक्सच्या मनात पक्कं होतं की मूळ कथांशी इमान राखायचं. मँचेस्टरच्या स्टुडिओत आख्खी बेकर स्ट्रीट उभी केली गेली. होम्स-वॉटसनच्या सवयींचं ७७ पानांचं एक टिपण तयार झालं: होम्स काय खातो, काय पितो, कोणता पाइप कधी ओढतो, हात कसे जुळवतो. ब्रेट ते टिपण जिवापाड जपायचा. पटकथेत डॉयलपेक्षा वेगळं काही दिसलं की मूळ पुस्तक उघडून भांडायला उभा. 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं समोर ठेवून काही दृश्यांत तो हुबेहूब तसाच बसतो: गुडघे छातीशी, पाठीला बाक, बोटांची टोकं ओठांपाशी. जी गोष्ट पुस्तकात नाही ती करायची नाही, असा हा हट्टी माणूस. त्याने पुस्तकात नसलेला आणि पुस्तकातल्या होम्सला न शोभणारा शब्द स्वतःहून का उच्चारावा?

याचं उत्तर पटकथेत सापडत नाही. ते शोधायला त्याच्या जिभेपर्यंत मागे जावं लागतं.

त्याचं जन्मनाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म ३ नोव्हेंबर १९३३ चा, वॉरिकशरमधल्या बर्क्सवेलचा. वडील लष्करात अधिकारी, शाळा ईटन, आणि जिभेला 'र' जमत नाही. आपल्याकडचं लहान मूल 'राम'चं 'लाम' करतं. इंग्रज मूल त्याच 'र'चं 'व' करतं, म्हणजे 'रॅबिट'चं 'वॅबिट'. आपला 'र' जिभेच्या टोकाने टाळूला टिचकी मारून निघतो. इंग्रजी 'र'मध्ये जीभ टाळूजवळ जाते पण टेकत नाही, अधांतरी राहते, म्हणून तो शिकवायला जास्त अवघड. टेकवायची जागाच नसल्यावर सांगणार काय? ब्रेटच्या जिभेवर किशोरवयात शस्त्रक्रिया झाली. पण शस्त्रक्रियेने जीभ मोकळी होते, उच्चार आपोआप येत नाही. वर्षानुवर्षांची सवय मोडून नवी बसवावी लागते. ती त्याने बसवली, आणि पुढे हाती काम असो वा नसो, वाणीचे व्यायाम रोज करत राहिला. होम्सचा हाडवैरी मोरिआर्टी, हे नाव त्याच्या तोंडून ऐकावं. दक्षिण इंग्लंडच्या शिष्ट बोलीत त्या नावातला दुसरा 'र' गिळला जातो, उच्चारला जातो तो फक्त पहिला. त्या एका 'र'वर ब्रेट असा काही रेंगाळतो की कष्टाने मिळवलेली वस्तू माणूस पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघतो आहे असं वाटावं.

आवाजाचं उरलेलं शिक्षण लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये झालं. ही शाळा तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉलच्या इमारतीत भरायची, आणि तिथल्या वाणीवर्गाचा श्वासावर फार भर असे. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर एक पद्धत रूढ होती, तिला बरगड्यांचा राखीव श्वास म्हणता येईल. खांदे न उचलता श्वास घ्यायचा, म्हणजे खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना फाकतात. त्या तशाच फाकलेल्या ठेवायच्या आणि बोलताना खर्च करायचा तो फक्त पोटाकडचा, श्वासपटलाचा श्वास. तो संपत आला की अर्धविरामापाशी श्वासपटलानेच पटकन भरून घ्यायचा, समोरच्याला पत्ता लागू न देता. बरगड्या खाली येणार त्या बोलणं संपल्यावरच. जमलं तर पाच ओळींचं वाक्य एका सुतात काढता येतं. फसलं तर दोन तऱ्हांनी फसतं: खांदे वर आले की गळा आवळतो, आणि बरगड्या धरून ठेवण्याच्या नादात मान ताठरली की आवाजही लाकडासारखा होतो. पुढच्या पिढीतल्या शिक्षकांनी या ताठरपणामुळेच ती पद्धत सोडून दिली. त्या पिढीचे नट मात्र शेक्सपिअरची लांबलचक वाक्यं जणू श्वास न घेता म्हणतात असं वाटतं, त्यामागे हे असं काहीतरी असतं. शाळेत श्वास घ्यायच्या जागाही शिकवतात: विचार संपेल तिथे, शब्द संपेल तिथे नाही. ही जागांची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे तिचं काम पडणार आहे.

नावाची गोष्ट याहून छोटी. घराण्याचं नाव नाटकाच्या फलकावर नको, असं वडिलांनी बजावलं. मुलाने आपल्या पहिल्या सुटाच्या आत शिवलेली शिंप्याची चिठ्ठी पाहिली. 'ब्रेट अँड कंपनी'. झालं.

१९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये पहिलं काम, मग ओल्ड व्हिक, मग टॉल्स्टॉयच्या कादंबरीवरच्या १९५६ च्या भव्य चित्रपटात निकोलाय रोस्तोव. इथपर्यंत सगळं देखण्या तरुण नटाचं होतं तसंच. मग १९६४ साली 'माय फेअर लेडी' आला. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची ही संगीत आवृत्ती. पुलंच्या 'ती फुलराणी'मुळे मूळ गोष्ट आपल्या घरचीच. गोष्ट सगळी उच्चारांची: भाषाशास्त्रज्ञ हिगिन्स एका फुलवालीची जीभ सुधारतो. त्यात फ्रेडी या प्रेमवीराचं काम ब्रेटला मिळालं. ज्याने स्वतःची जीभ खरोखर सुधारून घेतली तो हगिन्स नावाचा माणूस, हिगिन्सच्या कथेत, नायिकेच्या दारासमोरच्या रस्त्यावर उभा राहून गातो. आणि गळा त्याचा नाही! गाणं बिल शर्लीच्या आवाजात आहे. ब्रेट बरा गायचा नाही असंही नव्हतं. ईटनमध्ये अभ्यासात त्याचा उजेड नव्हता, पण चर्चच्या गायकवृंदात तो होता. १९६८ मध्ये बीबीसीच्या 'द मेरी विडो'त काउंट डॅनिलो त्याने स्वतःच्या आवाजात गायला. तरीही जगभर त्याचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला चेहरा बरीच वर्षं तोच होता, ओठ हलवणारा. ओठांच्या हालचालीत चूक नाही; श्वास घेण्याच्या जागादेखील त्याने गाण्याबरहुकूम पकडल्या आहेत. परक्या श्वासाला आपली छाती फुगवून दाखवणं हेही एक कसबच म्हणायचं. पण त्या चार मिनिटांकडे पाहताना जीव थोडा कासावीस होतो.

रंगभूमीवरची मधली वर्षं भराभर सांगून टाकतो, कारण त्यांचा पुरावा फोटोंपलीकडे फारसा उरलेला नाही. नाटकाचं हे असंच असतं. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये १९६७ साली 'ॲज यू लाइक इट' फक्त पुरुषांनी सादर केलं, त्यात हा ऑर्लँडो. १९७० च्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि हा बॅसानिओ. ते पुढे टेलिव्हिजनसाठी चित्रित झालं, म्हणून निदान ते पाहता येतं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याने ड्रॅक्युला केला. आणि मग १९८० मध्ये लॉस एंजेलिसला एक नाटक, आग्र्याच्या किल्ल्यात १८५७ सालात सुरू होऊन लंडनला पोचणारं. त्यात होम्स होता चार्ल्टन हेस्टन, आणि ब्रेट होता वॉटसन. होम्स होण्याआधी रोज रात्री वॉटसन होऊन होम्सकडे पाहत उभं राहण्याची ही तालीम फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. वॉटसनचं काम अवघड असतं. पाच-पाच मिनिटं ऐकायचं, आणि ऐकताना निर्जीव दिसायचं नाही. पुढे स्वतः होम्स झाल्यावर ब्रेटची नजर बोलता बोलता सतत वॉटसनकडे वळते, दाद मागायला, कधी नुसती खात्री करून घ्यायला. पहिल्या १३ भागांत डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक, दोन्ही वॉटसन बावळट दिसत नाहीत याचं निम्मं श्रेय त्या नजरेला आहे.

त्याचा होम्स पहिल्यांदा दिसला २४ एप्रिल १९८४ रोजी, 'अ स्कँडल इन बोहेमिया'मध्ये. हे काम कुठे कोसळतं ते आधी सांगायला हवं. प्रत्येक कथेत शेवटी होम्स उलगडा करतो, आणि उलगडा म्हणजे भाषण. नट तिथे मास्तर होतो. प्रत्येक पुराव्यावर सारखाच जोर देतो आणि प्रेक्षक जांभई देतो. ब्रेट पुराव्यांची यादी जवळजवळ उडवून लावतो, घाईने, कंटाळल्यासारखी. मग एका शब्दावर थबकतो. त्या शब्दाआधी आवाज कुजबुजीपर्यंत खाली, आणि नंतर एकदम भुंकल्यासारखा. हसू येतं ते ओठाच्या एका कोपऱ्यात, येतं न येतं तोच गेलेलं. शरीर तर ऐकतच नाही: सोफ्यावरून उडी, जमिनीवर पालथं पडून पावलांचा माग, आणि पुढच्या क्षणी पुतळ्यासारखा निश्चल. मराठीत होम्स आणला तो भालबा केळकरांनी, आणि ते स्वतः नाटकवाले होते. नाटकवाल्या माणसाला हा गुप्तहेर जवळचा वाटावा यात नवल नाही. होम्स मुळातच नट आहे. ब्रेटला हे कळलं होतं. त्याने तर होम्सचं बालपणही स्वतःपुरतं रचून काढलं होतं, आईच्या स्पर्शावाचून गेलेलं एकाकी बालपण. हे डॉयलच्या कुठल्याच पानावर नाही. म्हणजे मजकुराची राखण करणाऱ्या या माणसाकडे न लिहिलेल्या मजकुराचाही एक खण होता, आणि तो बहुधा कुलूपबंद असायचा.

१९८५ च्या जुलैमध्ये त्याची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. होम्स धबधब्यात पडून मेला असं जगाला वाटायला लावणारा भाग नुकताच चित्रित झाला होता. आता मेलेल्याला परत आणण्याचे भाग करायचे होते. ते त्याने केले आणि १९८६ मध्ये तो कोसळला. इस्पितळ, आणि निदान: उन्माद आणि नैराश्य यांचे आळीपाळीने येणारे झटके. औषध लिथियम. हे औषध साधं क्षार आहे, पण त्याची मात्रा म्हणजे दोरीवरची कसरत. रक्तात लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल असेल तर उपयोग, १.५ च्या वर गेलं की विषबाधा. ते शरीराबाहेर पडतं मूत्रपिंडातून, आणि मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. म्हणून शरीरातलं मीठ-पाणी कमी-जास्त झालं की औषधाची पातळीही हलते. आता या माणसाला सोळाव्या वर्षी सांध्यांचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, येऊन गेलेला. त्या तापाबद्दल डॉक्टरांची जुनी म्हण आहे की तो सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. चावलेलं हृदय मोठं होत जातं, पाणी पुढे ढकलू शकत नाही, ते अंगात साठतं. साठलेलं पाणी उतरवायला लघवीची औषधं द्यावीत, तर त्यातली काही लिथियमची पातळी चढवतात. एका आजाराची दवा दुसऱ्याच्या वाटेत उभी. त्यात दिवसाला पन्नास-साठ सिगारेटींची सवय. त्याचा चेहरा भरत गेला, गळा रुंदावला, चाल जड झाली. लोक म्हणाले, होम्स जाडा झाला.

आणि या अवस्थेत त्याने रंगमंचावर जायचं ठरवलं. जेरेमी पॉलकडून मुद्दाम लिहून घेतलेलं दोनपात्री नाटक, 'द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स', १९८८ मध्ये लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये लागलं आणि वर्षभर चाललं. दोनच पात्रं म्हणजे आत जाऊन घोटभर पाणी प्यायलाही सवड नाही. हे धाडस होतं की आजारातला उन्माद, हे ठरवायला मन धजत नाही. पुढे टेलिव्हिजनवाल्यांनी दोन-दोन तासांचे भाग काढले, एका लघुकथेला ताणून. त्यांतले 'द लास्ट व्हँपायर' आणि 'दि एलिजिबल बॅचलर' हे दोन भाग होम्सच्या चाहत्याने न पाहिलेलेच बरे. डॉयलच्या मजकुरासाठी भांडणाऱ्या माणसाच्या अंगात तेव्हा भांडण्याइतकं बळ उरलं नसावं.

१९९४ चे शेवटचे सहा भाग मात्र पाहावेत. त्यांतल्या 'द डाइंग डिटेक्टिव्ह'मध्ये होम्स मरणासन्न असल्याचं सोंग करतो. डॉयलने या सोंगाची कृतीच देऊन ठेवली आहे: तीन दिवसांचा कडकडीत उपास, कपाळाला व्हॅसलीन, डोळ्यांत बेलाडोना, गालफडांवर रूज आणि ओठांभोवती मेणाच्या खपल्या. इथे प्रश्न उलटाच झाला होता. नट खरोखर आजारी, पण त्याच्या आजाराने तो सुजलेला, आणि भूमिकेला हवा होता उपासाने खंगलेला माणूस. खऱ्या आजारपणावर खोट्या आजाराचं रंगकाम. पुढच्या एका भागाच्या वेळी त्याची तब्येत इतकी बिघडली की होम्सचं बरंचसं काम भाऊ मायक्रॉफ्टला, म्हणजे चार्ल्स ग्रेला, देऊन टाकावं लागलं. सेटवर प्राणवायूचा मुखवटा असे.

शेवटचा भाग 'द कार्डबोर्ड बॉक्स'. ११ एप्रिल १९९४. अखेरीला होम्स विचारतो की दुःखाच्या आणि हिंसेच्या या फेऱ्याचा हेतू तरी काय, आणि उत्तर देत नाही. हे भाषण डोळे मिटून ऐकावं. १९८४ मधला ब्रेट अशी वाक्यं विचार संपेपर्यंत एका श्वासात वाहून न्यायचा. इथे श्वास मध्येच येतो, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये, शाळेत जिथे घेऊ नये म्हणून शिकवतात तिथे. फुप्फुसांत पाणी असलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. कसब एवढंच की त्या तुटलेल्या जागा त्याने अर्थाच्या जागा करून टाकल्या. होम्सला पुढचा शब्द सुचत नाही, किंवा उच्चारवत नाही, असं वाटतं. पुढच्या वर्षी १२ सप्टेंबरला, क्लॅपममधल्या राहत्या घरी, हृदय बंद पडून तो गेला. वय ६१. ४१ भागांची निशाणी मागे ठेवून, आणि साठपैकी उरलेल्या कथा राहिल्याची हुरहूर लावून.

आता पुन्हा त्या हाकेच्या जागी, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला. 'डेव्हिल्स फूट'ची कथा सुरूच होते ती डॉक्टरने होम्सला सक्तीच्या विश्रांतीसाठी तिथे धाडल्यापासून. काम करून करून त्याची पोलादी प्रकृती ढासळलेली आहे. ब्रेट इस्पितळातून येऊन फार काळ लोटलेला नाही, केस बारीक कापलेले, टोपीखालचा चेहरा उघडा पडल्यासारखा. या भागात त्याने डॉयलबाहेरच्या दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे समुद्रकाठी बसून होम्स कोकेनची सिरिंज वाळूत पुरतो. मुलंही ही मालिका पाहतात याची त्याला काळजी वाटत होती, आणि त्यासाठी त्याने डॉयलची मुलगी जीन हिची परवानगी घेतली होती. रीतसर. मजकुराची राखण करणारा माणूस असंच करणार.

दुसऱ्या गोष्टीसाठी त्याने कुणाला विचारलं नाही. त्या हाकेत 'र' नाही. जिभेला कष्ट पडावेत असं काहीच नाही, एका श्वासात मावणारं एकच अक्षर. हार्डविकचा वॉटसन ती ऐकून चमकत नाही, काही म्हणत नाही, मित्राचे खांदे घट्ट धरून ठेवतो, बस. पुढे सहा वर्षं मालिका चालली. होम्स वॉटसनला पुन्हा वॉटसनच म्हणत राहिला.